मागच्या वळणावरचं स्टूल

भिवंडीत शुक्रवार ओळखायला कॅलेंडर लागत नाही. सकाळी डोळे उघडायच्या आधीच तो कानांना कळतो. बाकीचे सहा दिवस गल्लीबोळांतून लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खडखड चालू असते, आणि ती इतकी अंगवळणी पडलेली असते की समोरच्याने नुसते ओठ हलवले तरी निजामपुऱ्यासारख्या वस्तीतल्या माणसाला बोलणं समजतं. शुक्रवारी लूम बंद. मग एकाएकी कावळे ऐकू येतात, सायकलच्या घंट्या ऐकू येतात, शेजारच्या घरात तव्यावर उलथनं आपटलेलं ऐकू येतं. आणि विजेचा दाब वाढतो. एरवी पिवळे मलूल जळणारे बल्ब शुक्रवारी लख्ख पांढरे पेटतात.

त्या दाबामुळेच क्लब शुक्रवारी भरायचा. इतर दिवशी गाड्या धड पळायच्याच नाहीत.

क्लब म्हणजे केसरीनाथचा माळा. केसरीनाथ मूळचा अंजूर गावचा. खाडीकडची थोडी जमीन विकून त्याने निजामपुऱ्यात सोळा लूम टाकले होते. त्याचा मेहुणा जहाजावर नोकरीला होता आणि बाहत्तर साली त्याने परदेशातून एक मोठा खोका आणला. त्यात बोटाएवढ्या दोन मोटारगाड्या होत्या आणि तुकड्यातुकड्यांनी जोडायचा काळा रस्ता. खेळ पोरांसाठी आणला होता. पोरांना पहिल्या दिवसानंतर त्याला हात लावायला मिळाला नाही. वर्षभरात केसरीनाथने सुताराकडून प्लायवूडवर चार खाचांचा मोठा रस्ता करून घेतला, माळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि चाळिशीतली पाच माणसं दर शुक्रवारी पाच वाजता तिथे जमायला लागली.

खेळ साधा होता. गाडीच्या पोटाला एक खुंटी, ती रस्त्याच्या खाचेत बसते. खाचेच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या पट्ट्या, त्यांतून वीज येते. खुंटीच्या दोन बाजूंना बारीक तांब्याच्या तारांच्या वेणीचे दोन तुकडे लोंबतात, त्यांना ब्रश म्हणायचं. ब्रश पट्टीला घासत राहिले तर मोटर फिरते. हातातला दट्ट्या अंगठ्याने जितका दाबावा तितका वेग. जास्त दाबला की गाडी वळणावर खाचेतून उडते, आणि मग ती कुणीतरी उचलून परत लावायची. या उचलण्यावरून क्लबचा एक नियम होता. एका शर्यतीत जो शेवटी येईल त्याने पुढच्या शर्यतीला मागच्या वळणावर स्टूल घेऊन बसायचं.

मागचं वळण लाकडी पार्टिशनच्या पलीकडे होतं. तिथे रिकामे बीम, म्हणजे सूत गुंडाळायचे मोठे रूळ, रचून ठेवलेले असत. जागा कमी पडली म्हणून रस्ता पार्टिशनखालून पलीकडे नेला होता. तिथे वेगळा बल्ब होता आणि एक तिपाई स्टूल. चालवणाऱ्यांना ते वळण दिसायचं नाही. गाडी पलीकडे जायची, आवाज बदलायचा, आणि दोन सेकंदांनी परत यायची. तिकडे गाडी पडली तर स्टूलवरचा माणूस काय करतो ते फक्त त्यालाच ठाऊक.

दौलतचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. लूमच्या जळालेल्या मोटरी नव्या तारेने भरून द्यायच्या, हा त्याचा धंदा. क्लबच्या पाचही गाड्यांच्या मोटरी त्यानेच भरल्या होत्या. वाइंडिंगच्या मशीनने फार पूर्वी त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलं होतं आणि ते नेहमी तसंच दुभंगलेलं वाढायचं. त्या चिरेत तार अडकवून तो ती ताणून घ्यायचा. अडचणीतून सोय काढावी तर दौलतने, असं त्याला सगळे म्हणायचे, आणि त्याला ते ऐकायला आवडायचं.

क्लबात सगळ्यात गरीब होता तो मोरू. केसरीनाथच्या लूमवर तो फिटर होता, राहायला वळ गावात, सायकलने ये-जा. त्याने डालड्याच्या डब्याच्या पत्र्यातून स्वतःची गाडी केली होती, पिवळी. प्रत्येक शर्यतीआधी तो खिशातून जुन्या फणीचा तुकडा काढायचा आणि एखाद्या लेकीची वेणी घालावी तसे दोन्ही ब्रश विंचरून सरळ करायचा. आणि जिंकायचा. दहातल्या आठ वेळा मोरू जिंकायचा.

दौलतने जे केलं ते शहात्तर सालच्या शिमग्याआधीच्या शुक्रवारी केलं. आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. पहिल्या शर्यतीत तो शेवटी आला आणि नियमाप्रमाणे स्टूलवर जाऊन बसला. पार्टिशनपलीकडून हसणं ऐकू येत होतं. राघो, जो टेम्पो चालवायचा आणि ज्याचा आवाज गर्दीतही वेगळा कळायचा, ओरडून म्हणत होता, "मोरूला दट्ट्या दाबायलाच लागत न्हाय! त्याचा हात बघूनच गाडी पलते!" मोरूच्या गाडीची मोटर दौलतने तीन संध्याकाळ खपून फुकट भरून दिली होती. तिचं नाव कुणी काढलं नाही. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर पुढे दौलतला स्वतःकडे बघायला सोपं गेलं असतं.

शेवटून दुसऱ्या फेरीला मोरूची गाडी उडाली आणि दौलतच्या मांडीवर येऊन पडली. गरम होती. त्याने ती उलटी केली, डावा ब्रश मागे दुमडला, अंगठ्याच्या नखाने दाबून चपटा केला आणि गाडी खाचेत ठेवली. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढा वेळ लागला.

गाडी जागची हलली नाही.

"दौलत," पलीकडून मोरूने विचारलं, "नीट लावलीस ना रे?"

"नीट लावली."

शर्यत संपल्यावर मोरू पार्टिशन ओलांडून आला. त्याने गाडी उचलली, उलटी करून पाहिली, मग दौलतकडे पाहिलं. बल्ब त्याच्या पाठीमागे होता, चेहरा काही दिसला नाही. गाडी खिशात घालत तो म्हणाला, "असंल. ब्रश माज्याच हातून ढिला बसला असंल." आणि तो बाहेर जाऊन सगळ्यांबरोबर हसला.

त्या वेळी केसरीनाथ आणखी बारा लूम आणणार होता आणि ते बसवायचं सगळं काम मोरूला देणार होता. चहा पिताना तो गंमतीत बोलून गेला, "खेलन्यातला ब्रश संभालता येत न्हाय, त्याच्या हातात माझे बारा लूम कसं देऊ?" सगळे हसले. सुताचा दलाल रामनाथ, जो क्लबात शहाणा समजला जायचा, तोही हसला. पण गंमत कधी कधी मनात घर करून बसते. महिन्याभरात केसरीनाथने त्या कामाला बाहेरचा माणूस आणला. मोरूने हिशेब चुकता करून घेतला आणि कल्याणला कुठेतरी रोजावर जायला लागला. श्रावणात त्याला कावीळ झाली आणि त्यातच तो गेला.

मोरू गेला, पण त्याचं नाव राहिलं, आणि तेही भलत्याच कामाला. क्लबात एखादी गाडी मध्येच थांबली की कुणीतरी म्हणायचं, "मोरू झाली." टेम्पोवाल्यांनी ते उचललं, मग कारखान्यांनी. कुठे वायर ढिली सुटली, जोड निसटला, की मोरू झाला. चहावाल्याला मोरू कोण हे ठाऊकही नव्हतं, तरी तो दौलतला विचारायचा, "क्या दौलतभाई, हमारा पंखा मोरू हो गया, देखोगे?" दौलत पंखा बघायचा. मान खाली घालून, कान गरम होत असताना, जोड घट्ट करून द्यायचा. मोरूची बायको मैना निजामपुऱ्यातच एका कारखान्यात कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायच्या कामाला होती. तिच्या कानावर दिवसातून किती वेळा ते पडत असेल, याचा विचार तो रात्री करायचा आणि कूस बदलायचा.

सांगून टाकू, असं त्याने आठदा ठरवलं असेल. आठही वेळा शुक्रवार आला आणि गेला.

भाद्रपदात त्याच्या हातून एक ट्रान्सफॉर्मर निसटला आणि उजव्या अंगठ्यावर पडला. ते चिरलेलं नख काळं पडून गळून गेलं. पावसाळ्यात बंद पडलेला क्लब त्याच दिवसांत पुन्हा भरायला लागला. माणसं आता चार होती. पहिल्याच शुक्रवारी दौलत शेवटी आला आणि स्टूलवर जायची पाळी त्याची आली.

"माझी कंबर धरलीय," तो म्हणाला. "स्टूलवर बसवणार नाही."

"मग नको बसू," केसरीनाथ म्हणाला. "ज्याची गाडी परंल त्याने जाऊन उचलाची. स्टूल राहू दे रिकामा."

दुसऱ्या शर्यतीत राघोची गाडी मागे उडाली. प्लायवूडवर आपटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. राघो शिवी हासडून उठला, दोन पावलं गेला, तेवढ्यात त्याच्या हातात अजून दाबलेल्या दट्ट्यावर गाडी पार्टिशनखालून बाहेर आली आणि त्याने दचकून तो सोडला तशी समोर येऊन थांबली.

"कोन हाय रं मागं?" त्याने विचारलं.

चौघेही पुढेच होते. रामनाथने चष्मा पुसला आणि म्हणाला, "पडली नसेल. नुसती आपटून परत खाचेत बसली असेल. होतं असं." ते सगळ्यांना पटलं, कारण पटवून घेणं सोपं होतं.

पुढच्या शुक्रवारी असं तीनदा झालं. त्यानंतरच्या शुक्रवारी कुणी मोजलं नाही. गाडी आपटायची, मग खाचेत खुंटी बसल्याचा एक बारीक टक आवाज यायचा, आणि गाडी चालू. आधी माणूस बसायचा तेव्हाही इतकी पटकन लागायची नाही. राघोने एकदा वाकून पार्टिशनखालून पाहिलं. स्टूलचे तीन पाय दिसले, बस्स. त्यानंतर तो पुढच्या वळणाच्या बाजूला उभा राहू लागला. बोलायचं मात्र कुणी नाही. अंजूरची माणसं अशा गोष्टींचं नाव काढत नाहीत, आणि रामनाथसारखी शिकलेली माणसं काढली तर हसं होईल म्हणून काढत नाहीत.

दौलतच्या लक्षात दुसरीच गोष्ट आली. मागे पडून आलेली आपली गाडी त्याने एकदा सहज उलटी केली. दोन्ही ब्रश विंचरलेले होते. तार न तार सुटी, सरळ, फणीचे दात ओढल्यासारखी. त्याने शर्यतीआधी ते विंचरले नव्हते. तो कधीच विंचरत नसे.

त्या दिवशी सगळे खाली उतरल्यावर किल्ली विसरल्याचं निमित्त करून तो परत वर गेला. अजून पुरता अंधार झाला नव्हता. बीमच्या फटींतून खिडकीचा उजेड येत होता. कारखान्याच्या माळ्यावर सुताची धूळ सगळीकडे बसते, मऊ, पांढुरकी. स्टूलवर तिचा जाड थर होता, कुणी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. पण समोर रस्त्याच्या फळीच्या कडेला वीतभर जागा स्वच्छ होती. पुसल्यासारखी नाही, वापरल्यासारखी. मोरू कधी हरला आणि तिथे बसला तर डावं कोपर त्या जागी टेकायचा.

दौलतला भीती वाटली, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. ज्याने आपली गाडी लावताना वाट लावली, त्याचीच गाडी मोरू नीट विंचरून लावतो. त्यापेक्षा ती फोडून टाकली असती तर बरं, असं त्याला मनापासून वाटलं. त्या हिवाळ्यात दौलत सारखा जिंकत होता. राघो पाठीवर थाप मारायचा आणि ती थाप त्याला झोंबायची.

शिमगा पुन्हा जवळ आला. अंगठ्याला आता नवं नख पुरतं आलं होतं, आणि नवल म्हणजे ते अखंड होतं, गुळगुळीत, कुठेही चीर नाही.

त्या शुक्रवारी सहाच्या सुमाराला जिना वाजला आणि दारात मैना येऊन उभी राहिली. क्लबात तोवर कधी बाई आली नव्हती. अंगावर धुवट निळं लुगडं, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. केसरीनाथ गडबडून उठला.

"ये ना मैना, बस. काय काम काढलंस?"

ती बसली नाही. "काल मुकादम माज्या पुढ्यात दुसरीला बोलला, कांडी नीट लाव, मोरू करू नको." ती हे तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती, निरोप सांगावा तशी सांगत होती. "त्याला ठाव नव्हतं मी कोन. ठाव झालं तवा त्याने जीभ चावली. शेठ, ही त्यांची गाडी. एकदा चालवून बगा. चालत नसंल तर तसं सांगा, मी परत येनार न्हाय."

फडकं सुटलं. पिवळी गाडी. डालड्याच्या डब्यावरचं हिरवं झाड छताच्या आतल्या बाजूला अजून दिसत होतं.

कुणी हात पुढे करेना. शेवटी रामनाथ हळूच म्हणाला, "दौलत, तू चालव. मोटर तुझ्या हातची आहे."

वर्षभरापूर्वी हे वाक्य ऐकायला मिळालं असतं तर. दौलतने गाडी घेतली. ती उलटी करायला त्याची बोटं तयार होईनात. केली, तर दोन्ही ब्रश सरळ होते आणि कोरे चकचकीत.

"ब्रश नवे हायत," मैना म्हणाली. "त्यांच्या डबीतले. परवा मीच बसवले."

ते बोलायचं असेल तर हीच वेळ होती. दौलतने तोंड उघडलं. "वहिनी, त्या दिवशी..." सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "त्या दिवशी घाईत माझ्या हातून जरा वाकडी लागली असेल गाडी. मोरूची चूक नव्हती तशी."

अर्धं खरं बोलून माणूस पूर्ण खोट्यापेक्षा जास्त घाण करतो, हे त्याला बोलता बोलताच कळलं. राघो म्हणाला, "दौलत मनाचा मोठा, गेलेल्याची बाजू घेतो." केसरीनाथने मान हलवली. मैना दौलतकडे बघत राहिली.

त्याने गाडी खाचेत ठेवली आणि दट्ट्या दाबला.

गाडी पळाली. वर्षभर फडक्यात असूनही पळाली, कुठे अडखळली नाही, पार्टिशनखालून गेली आणि परत आली. दुसऱ्या फेरीलाही आली. केसरीनाथ "वा!" म्हणाला आणि मैनेचा चेहरा थोडा सैल झाला. दौलतला इतकं हायसं वाटलं की अंगठा जरा जास्तच दाबला गेला.

तिसऱ्या फेरीला मागे आपटल्याचा आवाज झाला.

कुणी हललं नाही. स्टूल रिकामं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आपण कशाची वाट बघतोय हेही.

टक.

दौलतने दट्ट्या दाबला. काही नाही. सोडून पुन्हा दाबला. पार्टिशनपलीकडे शांतता होती.

"मोरू झा..." राघोच्या तोंडून सवयीने निघालं आणि त्याने तिथेच तोंडावर हात ठेवला.

दौलत उठून पलीकडे गेला.

बल्ब लख्ख पेटला होता. स्टूलवर धूळ तशीच होती. पिवळी गाडी खाचेत बसवलेली होती, अगदी सरळ. त्याने ती उचलली. गरम होती. उलटी केली.

डावा ब्रश मागे दुमडलेला होता. दाबून, चपटा केलेला.

त्याने अंगठा त्याच्यावर ठेवला. सरळ करायला सुईत दोरा ओवायचा वेळ पुरला असता. पार्टिशनपलीकडून काही दिसत नव्हतं. तीच जागा, तोच उजेड, आणि पलीकडे तशीच थांबलेली माणसं.

"दौलत," केसरीनाथने हाक मारली, "नीट लागली हाय का रं?"

फळीच्या कडेची ती स्वच्छ जागा त्याच्या समोर होती. त्याने अंगठा उचलला.

गाडी तशीच उलटी तळहातावर धरून तो बाहेर आला. त्याचा आवाज त्याला स्वतःचा वाटेना. "नाही," तो म्हणाला. "त्या दिवशीही नव्हती. मी मुद्दाम असा दुमडला होता. असाच. मोरूचा ब्रश ढिला नव्हता. त्याने मला विचारलं, आणि मी नीट लावली म्हणून सांगितलं."

खाली रस्त्यावरून एक सायकल गेली. राघोने मान फिरवली. केसरीनाथ खाली बसला आणि बसून राहिला. बारा लूम त्याच्या पायाखाली बंद उभे होते, दुसऱ्याच माणसाने बसवलेले.

दौलतने मैनेकडे पाहिलं. ती चिडेल, शिव्या देईल, पायातली काढून मारेल, आणि त्याला ते सगळं हवं होतं.

"ठाव हाय," ती म्हणाली.

"काय?"

"त्याच राती त्यांनी मला दाखवला. म्हनले, बग, ह्यो दौलतच्या नखाचा वल हाय. कुनाला बोलू नको. दौलत सोता सांगंल, आज न्हाय तर पुढच्या शुक्रवारी. परत्येक शुक्रवारी म्हनायचे. दवाखान्यात बी म्हनायचे." तिने पदर पुढे घेतला. "म्हनून मी इतकं दिस गप बसले, भावजी. त्यांचा शबूद व्हता."

दौलतला वाटलं, आता जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. जमिनीने तसं काही केलं नाही. शुक्रवारचा बल्ब डोक्यावर लख्ख जळत राहिला आणि त्याच्या खाली चार माणसांसमोर तो उभा राहिला.

मैनेने पदराची गाठ सोडली. आत कागदाची पुडी, आणि पुडीत तांब्याच्या वेणीचा एक तुकडा, वर्षभरात काळवंडलेला. मोरूने त्या रात्री काढून ठेवलेला जुना ब्रश. तिने तो दौलतच्या तळहातावर, नव्या ब्रशच्या शेजारी ठेवला.

रामनाथ चष्मा सारून वाकला. दोन्ही तुकडे एकाच जागी दुमडलेले होते. घडीवर नखाचा वळ होता, आणि वळाच्या मधोमध एक बारीक चीर सुटलेली होती. जुन्यावर होती. नव्यावरही होती, आत्ता उमटलेली, कोऱ्या तांब्यात चमकणारी.

"पण तू तर इकडेच उभा होतास," रामनाथ हळू आवाजात म्हणाला. "आमच्यासमोर."

गाडीच्या कडेवर टेकलेल्या आपल्या अंगठ्याकडे दौलत बघत होता. त्याचं नख गुळगुळीत होतं, अखंड.